‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ हा भाग कसा पाहावा

‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेच्या पहिल्या पर्वातला हा भाग एनबीसी वाहिनीवर ६ एप्रिल १९६७ रोजी प्रथम दाखवला गेला. तो जेमतेम पन्नास मिनिटांचा आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी आधी एका बैठकीत, मध्ये न थांबता पाहावा आणि मगच पुढचा मजकूर वाचावा, कारण शेवट आधीच ठाऊक झाला तर पहिल्या खेपेचा आघात पुन्हा कधी मिळत नाही. मालिकेतले इतर भाग पाहिलेले असण्याची गरज नाही. कर्क हा अंतराळयानाचा कप्तान, स्पॉक हा त्याचा तर्कनिष्ठ सहकारी आणि मॅकॉय हा डॉक्टर, एवढे माहीत असले तरी पुरते. आवृत्ती निवडताना मात्र एक काळजी घ्यावी. काही जुन्या व्हिडिओ आवृत्त्यांमध्ये ‘गुडनाइट, स्वीटहार्ट’ या गाण्याच्या जागी दुसरेच संगीत घातलेले आहे. मूळ गाणे असलेली आवृत्ती मिळाली तर तीच पाहावी.

दुसऱ्यांदा पाहताना कथानकाकडे लक्ष देऊ नये, हातांकडे द्यावे. औषधाच्या अतिमात्रेने भ्रमिष्ट झालेला मॅकॉय एका ओसाड ग्रहावरच्या कालद्वारातून भूतकाळात उडी घेतो, इतिहास बदलतो, आणि त्याला रोखण्यासाठी कर्क व स्पॉक १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये पोहोचतात. तेथे निराश्रितांसाठी अन्नछत्र चालवणारी ईडिथ कीलर त्यांना आसरा देते. तिच्यासोबत रात्री फिरताना कर्क तिला सांगतो की, मृगाच्या पोटातील बाणाच्या एका टोकाच्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावरचा एक लेखक पुढे ‘मला मदत करू दे’ हे शब्द प्रेमाच्या कबुलीपेक्षाही मोठे मानणार आहे. हे वाक्य नीट लक्षात ठेवावे. माझ्या मते संपूर्ण भाग या वाक्यावर उभा आहे, कारण शेवटी कर्ककडून नेमकी मदतच हिरावून घेतली जाते.

यानंतर स्पॉकने जुळवलेल्या यंत्रावर दिसणाऱ्या दोन बातम्या थांबवून पाहाव्यात. एकीत ईडिथचा १९३० मधील मृत्यू आहे, तर दुसरीत १९३६ साली ती राष्ट्राध्यक्षांशी चर्चा करते आहे. ती जगली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल, जर्मनी अणुबाँब आधी बनवेल आणि युद्ध जिंकेल. तिचे म्हणणे चुकीचे नाही, ते फक्त अवेळी आहे, असे स्पॉक आणि कर्क यांच्या संवादातून स्पष्ट होते. हा संवाद घाईने पुढे ढकलू नये.

सर्वांत सावकाश पाहण्याचा प्रसंग मात्र जिन्याचा आहे. ईडिथला मरावे लागेल हे कर्कला तोवर कळलेले असते, तरीही तिचा पाय घसरताच तो तिला सावरतो. सावरले नसते तर ती कदाचित तिथेच मेली असती, असे स्पॉक त्याला बजावतो. हा प्रसंग किमान दोनदा पाहून लगेच शेवटच्या रस्त्यावरच्या प्रसंगाकडे जावे आणि तो आवाज बंद करून पाहावा. जिन्यावर विचार करण्याआधीच पुढे झालेले हात रस्त्यावर, ईडिथला वाचवायला धावलेल्या मॅकॉयला घट्ट धरून ठेवतात. दोन प्रसंग असे शेजारी ठेवले की, कर्कला केवढ्या शक्तीने स्वतःलाही धरून ठेवावे लागले असेल, हे त्याच्या चेहऱ्यावरून उमगते.

हा रस्त्यावरचा प्रसंग घडतो एका नावामुळे: क्लार्क गेबल हे नाव कर्कला ठाऊक नसते, मॅकॉयलाही नव्हते, असे ईडिथ सहज बोलून जाते आणि मॅकॉय जवळच असल्याचे कर्कला कळते. प्रत्यक्षात १९३० साली गेबल अजून प्रसिद्ध नट झालेला नव्हता, पण या चुकीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्याऐवजी मॅकॉयचे शस्त्र हाताळताना नाहीसा होणारा भणंग माणूस पाहावा. त्याच्या मृत्यूने इतिहासात काहीच बदलत नाही, आणि कोणी त्याची चौकशीही करत नाही. मला ही गोष्ट दर वेळी बोचते.

या भागाचे लेखक हार्लन एलिसन यांच्या मूळ संहितेत इतरांनी बरेच बदल केले आणि त्यावरून दीर्घकाळ वाद झाला. मूळ संहितेला अमेरिकेतील पटकथालेखकांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला, तर प्रक्षेपित भागाला १९६८ मध्ये विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार. एलिसन यांची संहिता पुस्तकरूपाने उपलब्ध आहे. ती भाग दोनदा पाहून झाल्यावरच हाती घ्यावी.

या मालिकेचे कितीतरी भाग यानावरच्या हास्यविनोदाने संपतात. येथे कर्क निघण्याचा एक तुटक, त्रासिक हुकूम देतो आणि पडद्यावर ओसाड ग्रह उरतो. तेथे पुढचा भाग आपोआप सुरू होणार नाही, अशी सोय आधीच करून ठेवावी.