शाळेजवळचं वेगाचं चलान, फलक झाडाआड: असं रद्द झालं

कोथरूडमधल्या शाळेजवळ स्कूटरला चलान आलं. मर्यादा ३०, माझा वेग ४१. शाळेपाशी ३० हवेतच, पण फलक दिसला नव्हता. चौकीत दोन हेलपाटे, फोनाफोनी. सगळं वाया, डोकं नुसतं भणाणलं.

मग आधी चलानवरचा फोटो, वेळ, ठिकाण बघितलं. त्याच वेळी, त्याच दिशेने चालत फलकाचे फोटो काढले: पन्नास पावलांवरून, वीसवरून, अगदी खालून. गुलमोहराच्या फांदीआडून ३० मधलं नुसतं शून्य दिसत होतं. दंड न भरता महाट्रॅफिक अ‍ॅपमध्ये चलान निवडून तक्रार नोंदवली, फोटो जोडले. मजकुरात केंद्रीय मोटार वाहन नियम १६७ए लिहिला: कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक इशारा फलक लागतो. बाराव्या दिवशी चलान रद्द. फांदीसाठी महापालिकेकडे वेगळा अर्ज दिला. आठवड्याने ती छाटली.