पंप बदलण्याआधी गेज लावा

स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही, किंवा चढावर गाडी उचलत नाही, म्हटलं की शिकाऊ मेकॅनिक थेट पेट्रोल पंपालाच हात घालतो. पंपावर ठपका सगळ्यात शेवटी ठेवा.

चावी ऑन केल्यावर बहुतेक गाड्यांत टाकीतून साधारण दोन सेकंद गुणगुण ऐकू येते. ती नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंपाला वीज देणारा स्विच) तपासा. आवाज आला म्हणून पंप चांगला, असं मात्र नाही. झिजलेला पंपही गुणगुणतो.

पेट्रोलचं प्रेशर मोजणारं गेज जोडण्याआधी रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर उतरवा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. तरी थोडं पेट्रोल उडतंच, म्हणून जोडावर फडकं धरा, इंजिन गार असू द्या. पोर्ट इंजेक्शनला (पेट्रोल सिलेंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जातं) बहुधा 3 ते 4 बार प्रेशर लागतं. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारलं जातं) हाय प्रेशर रेलला हे गेज चुकूनही लावू नका, तिथलं प्रेशर स्कॅनरवरच वाचायचं.

प्रेशर कमी आलं तर पंपापर्यंत पुरेसे व्होल्ट पोचतात का ते तपासा. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला की 12 व्होल्ट दिसतात आणि वायरिंग ठीक वाटतं. पण करंट वाहतच नसेल तर जळका रिले किंवा गंजलेला जोड व्होल्टेज खाणार कसा? कनेक्टर जोडलेला ठेवा, पंप चालू ठेवा, मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी पंपाच्या पॉझिटिव्हला लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर दोष वायरिंगमध्ये. अर्थच्या बाजूलाही हेच करा. (पंपाचा वेग मॉड्यूल बदलत असेल, तर ही पद्धत चालत नाही.)

रेग्युलेटरला (प्रेशर ठरलेल्या पातळीवर ठेवणारा भाग) व्हॅक्यूम नळी असेल तर ती काढा. आत पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरमधला डायफ्रॅम (पातळ पडदा) फाटलाय.

आयडलला सगळं ठीक, पण लोडवर दम तुटतो, अशा वेळी स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम बघा, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय (प्लस) किंवा कमी करतोय (मायनस) तो आकडा. आयडलला खूप प्लस आणि आरपीएम वाढवल्यावर नॉर्मल, म्हणजे बहुधा हवेची गळती. लोडबरोबर प्लस वाढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय. फिल्टर चोक किंवा पंप थकलेला.

इंजिन बंद करताच प्रेशर झपाट्याने पडत असेल तर प्लग काढून बघा. एकच प्लग ओला निघाला, तर बहुधा त्या सिलेंडरचा इंजेक्टर टपकतोय. सगळे कोरडे असतील तर पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) किंवा रेग्युलेटर तपासा.