कार्डावरून परस्पर पैसे गेले? कार्ड ब्लॉक केलं म्हणजे तक्रार झाली असं समजू नका

रात्री अकरा-साडेअकराला फोन येतो, ‘अरे, माझ्या खात्यातून पैसे गेले, आता काय करू?’ गेल्या सहा-सात वर्षांत नातेवाइकांचे, सोसायटीतल्यांचे, त्यांच्या ओळखीच्यांचे असे बरेच फोन मी घेतले आहेत. तोवर त्यांना दोन सल्ले मिळालेले असतात. ‘सकाळी ब्रँच उघडली की जा’ आणि ‘आधी एफआयआर कर, त्याशिवाय बँक ऐकूनच घेत नाही’. दोन्ही चुकीचे आहेत. या सल्ल्यांपायी लोकांचे हक्काचे पैसे गेलेले मी पाहिले आहेत.

पहिलं काम कार्ड ब्लॉक करायचं. बँकेच्या ॲपमधून किंवा कार्डामागच्या नंबरवर फोन करून दोन मिनिटांत होतं. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथे भामट्यांनी टाकलेले नंबरही सापडतात.

दुसरं काम तक्रार नोंदवायचं. माणसं हमखास इथेच चुकतात. मीही चुकलो होतो.

सांगलीच्या माझ्या मावशीच्या डेबिट कार्डावरून एका गुरुवारी रात्री आधी ७९ रुपये गेले आणि चार मिनिटांनी ३८,४०० रुपये. दोन्ही व्यवहार परदेशी वेबसाइटवर, ओटीपी आलाच नाही. परदेशी वेबसाइटवर पुष्कळदा फक्त कार्ड नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. पहिली छोटी रक्कम असते ती कार्ड चालू आहे का ते चाचपण्यासाठी. मी लगेच कस्टमर केअरला फोन लावला, यंत्राने सांगितलं ते बटण दाबलं, कार्ड ब्लॉक झाल्याचा मेसेज आला आणि मी निर्धास्त झोपलो. शुक्रवारी मावशीला बरं नव्हतं, मग दुसरा शनिवार, रविवार. सोम-मंगळ मला सुट्टी मिळाली नाही. बुधवारी आम्ही ब्रँचमध्ये फॉर्म भरला. पुढे बँकेने २८,४०० रुपये परत दिले आणि १०,०७९ कापले.

मी भांडलो, म्हटलं त्याच रात्री कळवलं होतं. बँकेने नोंद काढून दाखवली. तिथे फक्त ‘ग्राहकाच्या विनंतीवरून कार्ड बंद’ एवढंच होतं. पैसे चोरीला गेले हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं! पर्स हरवली तरी माणूस कार्ड बंद करतोच, त्यावरून बँकेला काय कळणार? तक्रार धरली गेली ती बुधवारची, म्हणजे कामकाजाच्या चौथ्या दिवसाची.

हा एक दिवस एवढा महाग का पडला, ते ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात आहे. (सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच डिसेंबरात निघालं, त्यामुळे ‘आमची अर्बन बँक आहे, आम्हाला ते लागू नाही’ हे ऐकून घेऊ नका.) चूक ना तुमची ना बँकेची, आणि व्यवहाराचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाचाही भार नाही. चार ते सात दिवस लागले, तर साध्या बचत खात्याला प्रत्येक व्यवहारामागे १०,००० रुपयांपर्यंत, किंवा रक्कम त्याहून कमी असेल तर तेवढी, तुमच्या माथी येते. सात दिवस उलटले की बँकेचं स्वतःचं धोरण काय म्हणतं त्यावर सगळं अवलंबून. मेसेज आला तो दिवस मोजत नाहीत, सुट्ट्याही मोजत नाहीत. तरी या सवलतीवर विसंबू नका, त्याच रात्री कळवा.

म्हणून फोनवर यंत्राशी बोलून थांबायचं नाही. जिवंत माणूस लाइनवर येईपर्यंत धरून बसा आणि हेच शब्द म्हणा: ‘अमुक तारखेला अमुक वाजता झालेला अमुक रकमेचा व्यवहार मी केलेला नाही. अनधिकृत व्यवहाराची तक्रार म्हणून नोंदवा आणि मला तक्रार क्रमांक द्या.’ कार्ड ब्लॉक केल्याचा क्रमांक वेगळा आणि तक्रारीचा वेगळा. ‘हा तक्रारीचाच ना?’ असं विचारून खात्री करून घ्या. समोरचा म्हणेल, ‘सर, त्यासाठी ब्रँचला जावं लागेल.’ नाही. तक्रार चोवीस तास घ्यायची सोय ठेवणं आणि पोच देणं बँकेवर बंधनकारक आहे. फोन ठेवला की तोच मजकूर बँकेला ईमेल करा. ईमेलवर पडलेली वेळ कोणाला पुसता येत नाही. मावशीच्या वेळी मी हा एक ईमेल केला असता, तर तिचे पैसे पूर्ण मिळाले असते. ते दहा हजार मी तिला भरून दिले, पण त्या वयात तिला जो घोर लागला तो कसा भरून देणार?

तिसरं, १९३० वर फोन किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार. पैसे देशातल्याच दुसऱ्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये गेले असतील, तर ते तिथेच गोठवता येतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे. मेसेजमधला व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. बँकेने एफआयआरवर अडवलं तर सांगा, परिपत्रकात तशी अट नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रँचचा डिस्प्यूट फॉर्म, म्हणजे ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ असं लेखी देण्याचा अर्ज. तो बहुतेकदा इंग्रजीत असतो, आणि टेबलावरचा माणूस पेन्सिलीने फुली मारून ‘इथे सही करा’ म्हणतो. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. कार्ड कोणाकडे होतं, पिन किंवा ओटीपी कोणाला सांगितला का, या रकान्यांवरच पुढचा निकाल ठरतो. तिथे खरं तेच लिहा, स्वतःच्या हाताने. ओटीपी सांगितला असेल तर लपवू नका. तेव्हा कळवण्याआधीचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. सांगितला नसेल आणि बँक ‘ओटीपी टाकून झालाय म्हणजे तुम्हीच’ एवढंच म्हणत असेल, तर गप्प बसू नका. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. फॉर्मच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ब्रँच सोडू नका.

तक्रारीपासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा व्हायला हवी. ती खर्च करू नका, निकाल विरुद्ध गेला तर परत वळती होते. निकाल ९० दिवसांत लागला पाहिजे. क्रेडिट कार्ड असेल तर वादातल्या रकमेवर व्याजाचा भार पडता कामा नये, पण बाकीचं बिल वेळेवर भरा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

कधी कधी बँकच आधी सावध होते. सकाळी पुण्यात स्वाइप झालेलं कार्ड तासाभरात दिल्लीत चाललं, किंवा कधी खरेदी न केलेल्या प्रकारच्या दुकानात मध्यरात्री मोठी रक्कम लागली, की बँकेची यंत्रणा व्यवहार अडवते आणि ‘हा तुम्हीच केलात का?’ असा मेसेज किंवा फोन करते. अशा वेळी लोक बँकेवरच चिडतात. चिडू नका, उत्तर द्या. फक्त फोन खरा आहे का ते पाहा. बँकांच्या अशा कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर दिलेले आहेत, तरी शंका आली तर फोन ठेवून कार्डामागच्या नंबरवर स्वतः लावा. ‘व्यवहार रद्द करायला ओटीपी सांगा’ म्हणणारा चोरच. ओटीपी असतो तो पैसे जायला.

नवं कार्ड आलं की जुन्या कार्डावर लावलेले आपोआप कटणारे हप्ते आणि वर्गण्या नव्याने जोडा. २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू येतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून पैसे देण्याची सोय आपण चालू करायची असते. ॲप उघडून तिन्ही बटणं एकदम चालू करणारे मी रोज पाहतो. लागेल तेवढंच चालू ठेवा. मावशीच्या नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद आहेत आणि ऑनलाइनची मर्यादा तीन हजारांची आहे. तिचं विजेचं बिल आणि गॅसचा सिलिंडर त्यात व्यवस्थित भागतो.