गावात सुरक्षा दल काढून राहिले? मग आधी हे ठरवून घ्या

सोयाबीन निघालं की वावरातल्या मोटारीचा केबल जाते, थ्रेशरजवळचे कट्टे जातात, दोन दिवस गावात बोंबाबोंब होते अन् तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतेच, चला ग्राम सुरक्षा दल काढू, म्हणजे गावातल्याच पोरांची रात्रीची गस्त. काढा ना भाऊ, गरजच हाये, एका बीट अंमलदाराकडं, म्हणजे आपल्या भागाच्या पोलिसाकडं, कितीतरी गावं राहतात, तो रोज रात्री तुमच्या पांदणीत कसा येईल.

पण पोरं निवडतानाच अर्धं काम बिघडते. एकाच आळीची, एकाच पार्टीची पोरं घेतली की दल त्या पार्टीचं होते. प्रत्येक मोहल्ल्यातून माणूस घ्या, अन् पारधी बेडा, म्हणजे पारध्यांची वस्ती, असंल तर तिथूनही घ्याच, कारण चोरी झाली की पहिलं बोट तिकडंच जाते, पुरावा असो का नसो. यादी पोलीस पाटलाकडून ठाण्यात द्या. रात्री चारच जण, टॉर्च, शिट्टी अन् एक वही, त्यात वेळ अन् गाडीनंबर लिहायचा. रोज सगळे फिरले की आठ दिवसात कोणी येत नाही, म्हणून पाळ्या लावा.

खरा कस लागते तो माणूस सापडल्यावर. आमच्याकडं एकदा चादरी विकणारे दोघं एसटी स्टँडवर थांबले होते, मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज फिरत होता, दहा मिनिटात पन्नास माणसं जमा. एकाचं गाठोडं सोडलं तर चादरी अन् जेवणाचा डबा. एका म्हाताऱ्या आजीनं त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिलं म्हणून निभलं. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला अशाच अफवेनं भिक्षा मागणारे पाच जण जीवानिशी गेले. म्हणून 112 लावा, गाडी येईपर्यंत माणसाला उजेडात बसवा, बांधू नका, हात लावू नका, व्हिडिओ काढू नका. तुमच्या डोळ्यासमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात असा) अन् अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) गुन्हा झाला, नाहीतर तो कोर्टानं फरार जाहीर केलेला असला, तरच साध्या नागरिकाला त्याला धरता येते, अन् उशीर न करता, जास्तीत जास्त 6 तासाच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 मध्येच तसं हाये. नुसत्या संशयावर धरलं तर उलटा गुन्हा तुमच्यावर.

धुऱ्याचं भांडण, बकरीनं पऱ्हाटी खाल्ली, हे तंटामुक्त समितीत बसून मिटवा, 2007 पासून त्या त्यासाठीच हायेत. पण लेकराबाळावरचा अत्याचार किंवा ॲट्रॉसिटीचं प्रकरण गावात बसून मिटवायचं नाही, कोणी कितीही गावाच्या अब्रूचं सांगो, तिथं सरळ ठाण्यात जायचं.

अन् हातभट्टीचं तर लय जपून. दारूवाला दलातल्याच कोणाचा तरी साळा नाहीतर चुलतभाऊ निघते, बायांनी माहिती दिली की सकाळपर्यंत नाव त्याच्या घरी पोचते अन् मग त्या बाईच्या दारात शिव्या. म्हणून माहिती देणारीचं नाव वहीत लिहू नका, ग्रुपवर तर मुळीच टाकू नका, एकाच भरवशाच्या माणसानं ठाणेदाराला समोर जाऊन सांगायचं.