आयर्लंडला मित्रमैत्रिणींसोबत निघालात? या चुका टाळा

डब्लिनमध्ये राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईकडचं कुणीतरी आयर्लंड बघायला येतं आणि निघण्याआधी मला बेत पाठवतं. सोमवारी डब्लिन, मंगळवारी गॉलवे आणि क्लिफ्स ऑफ मोहेर, बुधवारी किलार्नी, गुरुवारी रिंग ऑफ केरी आणि डिंगल दोन्ही, शुक्रवारी बेलफास्ट. हा बेत बघितला की पोटात गोळा येतो, कारण एवढा खर्च करून आलेली माणसं मग पाच दिवस गाडीच्या काचेतूनच देश बघतात.

नकाशा बघून अंतर ठरवणं

बेट लहान आहे हे खरं. उत्तर आयर्लंड धरून ८४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून जरासं जास्त. डब्लिन ते गॉलवे मोटरवेने अडीच तासांत होतं, आणि तिथेच माणूस फसतो. मोटरवे मुख्यतः डब्लिनपासून गॉलवे, लिमरिक, कॉर्क अशा शहरांकडे जातात. तुम्हाला जे बघायचंय ते बहुतेक सगळं त्या शहरांच्या पलीकडे, किनाऱ्यावर आहे. गॉलवेहून क्लिफडेन जेमतेम ८० किलोमीटर, पण दीड तास धराच. वाटेत कॉनेमाराची तळी आणि डोंगर दिसले की थांबणं आलंच. रिंग ऑफ केरी हा गोलाकार रस्ता १७९ किलोमीटर आहे आणि त्याला अख्खा दिवस लागतो. डिंगलच्या टोकाचा स्ली हेड रस्ता छोटा आहे, तरी त्यालाही वेगळा दिवस द्या.

सात दिवस असतील तर मी सांगते: पश्चिमेला दोनच मुक्काम करा. तीन रात्री गॉलवे किंवा क्लेअरमध्ये, तीन रात्री डिंगल किंवा केनमेअरमध्ये, आणि परतीच्या विमानाआधीची एक रात्र डब्लिनला. क्लेअरहून केरीला जाताना लिमरिकला वळसा घालू नका. किलिमर ते टार्बर्ट शॅनन नदीवर गाडीसकट नेणारी फेरीबोट आहे. वीस मिनिटांत पलीकडे, आणि १३७ किलोमीटरचा फेरा वाचतो.

गाडी तर डावीकडूनच चालते, मग काय!

हा आत्मविश्वास सगळ्यात महाग पडतो. स्टिअरिंग उजवीकडे, गाडी डावीकडे, म्हणून आपल्याकडची माणसं पहिल्याच दिवशी निर्धास्त होतात. इथले गावाकडचे रस्ते एका गाडीपुरते, दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी, आणि त्या हिरवाईच्या आत बहुतेकदा दगडी बांध लपलेला. समोरून ट्रॅक्टर आला की माणूस घाबरून डावीकडे सरकतो आणि डावा टायर किंवा डावा आरसा जातो. माझा टायर असाच गेला होता, आणि डिकी उघडल्यावर कळलं की स्टेपनी नाहीच, नुसती टायरमध्ये फेस भरायची बाटली. टायरची कड फाटली असेल तर त्या बाटलीचा काही उपयोग नाही. भाड्याची गाडी ताब्यात घेताना स्टेपनी आहे का ते विचारा आणि विम्यात टायर, काच, आरसे येतात का ते वाचा. साध्या विम्यात ते अनेकदा नसतात.

समोरून गाडी आली तर थांबा. जो रुंद जागेच्या जवळ आहे तो मागे जातो. समोरचा स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल, तो नमस्कार आहे. तुम्हीही बोट उचला.

वेगमर्यादेच्या जुन्या याद्यांवर विसंबू नका. ७ फेब्रुवारी २०२५ पासून स्थानिक ग्रामीण रस्त्यांवरची मर्यादा ताशी ८० वरून ६० किलोमीटर झाली आहे. खरं तर अशा कित्येक रस्त्यांवर चाळिशीच्या वर जाववत नाही.

गटाने येणाऱ्यांसाठी आणखी काही गोष्टी. पाच आसनांच्या गाडीत पाच माणसं आणि पाच मोठ्या बॅगा बसत नाहीत. चार माणसांनाही मोठी गाडी लागते. ऑटोमॅटिक हवी असेल तर कित्येक आठवडे आधी सांगा, इथे हाताने गिअर टाकायच्या गाड्याच जास्त मिळतात. ज्याच्या नावाने बुकिंग, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड सहसा मागतात. करारावर नाव नसलेल्या मित्राच्या हातात ‘जरा चालव’ म्हणून स्टिअरिंग दिलंत, तर विमा गेलाच समजा.

डब्लिनभोवतीच्या एम ५० मोटरवेवर टोलनाका दिसत नाही, कारण कॅमेरा नंबर टिपतो. पैसे दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत भरायचे असतात, नाहीतर दंड वाढत जातो. गाडीवाल्याकडे त्याची आपोआप सोय आहे का, हे विमानतळावरच विचारून घ्या.

शेंगेनचा व्हिसा आणि बेलफास्टची सहल

आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. पॅरिस-रोमच्या व्हिसावर डब्लिनचं तिकीट काढलं, तर विमानतळावरूनच परत पाठवतील. आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

दुसरी गल्लत उत्तरेची. बेलफास्ट, डेरी, जायंट्स कॉजवे हे सगळं ब्रिटनच्या हद्दीत येतं. सीमेवर ना चौकी, ना कुणी पासपोर्ट विचारणारं. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते, फलकांवर किलोमीटरऐवजी मैल येतात, दुकानात युरोऐवजी पौंड, एवढंच कळतं. पण कुणी अडवलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची एकत्रित व्हिसा योजना आहे. व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ असा शेरा असेल तर दोन्हीकडे जाता येतं, मात्र ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरायचं. शेरा नसेल तर उत्तरेची सहल बेतातून काढा. गाडी सीमेपलीकडे न्यायची असेल, तर तेही गाडीवाल्याला आधी सांगायला हवं.

उजेड आहे म्हणून जेवण मिळेल असं समजणं

जूनमध्ये पश्चिम किनाऱ्यावर रात्री दहापर्यंत उजेड असतो. साडेआठला ऊन बघून ‘अजून एक ठिकाण करू’ म्हणावंसं वाटतं, आणि गावात पोचेपर्यंत पबचं स्वयंपाकघर बंद. पब उघडा असतो, पण जेवण बहुतेक ठिकाणी नऊपर्यंतच, लहान गावात त्याहून आधी. उशीर झालाच तर सुपरमार्केट किंवा पेट्रोल पंपाचं दुकान शोधा.

शाकाहारी मंडळींनी ‘व्हेजिटेबल सूप’ या नावावर विश्वास ठेवू नये. त्यात कोंबडीचा अर्क असू शकतो, विचारून घ्या. काही दुकानांत बटाट्याचे चिप्स (म्हणजे फ्रेंच फ्राइज) गोवंशाच्या चरबीत तळतात, तेही विचारा. न्याहारीतलं ब्लॅक पुडिंग रक्ताचं असतं. बीअँडबीच्या, म्हणजे मुक्काम आणि न्याहारी देणाऱ्या घराच्या, मालकीणबाईंना आदल्या दिवशीच सांगितलं तर त्या मनापासून वेगळं करून देतात. गरम ब्राउन ब्रेडवर लोणी लावून खाल्लंत की डोंगर चढायला बळ येतं.

मुक्काम पबपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. खेड्यात रात्री टॅक्सी मिळणं कठीण, आणि गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. पबमध्ये ऑर्डर बारवर जाऊन द्यायची असते, टेबलाशी कुणी येईल म्हणून वाट बघत बसू नका. कुणी तुमच्यासाठी पेय आणलं तर पुढची फेरी तुमची. न पिणाऱ्यानेही फेरी चुकवू नये. कोपऱ्यातली रिकामी जागा वादकांसाठी राखलेली असते. कुणी एकट्याने गायला लागलं तर मोठ्याने बोलणं थांबवा. बैठकीत ख्याल चालू असताना आपण बोलत नाही, तसंच.

हवा, कडे आणि बोटी

छत्री नकोच, वारा ती उलटी करतो. टोपीवालं जाकीट आणि पाणी न शिरणारे बूट आणा. क्लिफ्स ऑफ मोहेर हे समुद्रकडे २१४ मीटरपर्यंत उंच आहेत. काठावरचं गवत खालून पोखरलेलं असू शकतं, म्हणून फोटोसाठी कुंपण ओलांडू नका आणि बंद केलेल्या पायवाटेवर जाऊ नका.

स्केलिग मायकलवर, त्या बेटावरच्या जुन्या मठात, दिवसाला मोजकीच माणसं उतरू शकतात. बोटी साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालतात, जागा महिनोन् महिने आधी भरतात, आणि समुद्र खवळला की त्या दिवशीची फेरी रद्द होते. म्हणून तिकडे जायचं असेल तर पुढचा दिवस मोकळा ठेवा. वर सहाशेहून जास्त दगडी पायऱ्या आहेत आणि आधाराला कठडा नाही. गुडघे दुखणाऱ्या मित्राला हे आधीच सांगा.

डोंगर मोकळा दिसला तरी तो कुणाच्या तरी मालकीचा असतो. फाटक उघडं सापडलं तर उघडं, बंद सापडलं तर बंद ठेवा. आत मेंढ्या असतात.

स्टेशन आणि पाट्या

रेल्वेने फिरणाऱ्यांनी तिकिटावरचं स्टेशन नीट वाचावं. डब्लिनला दोन मोठी स्टेशनं आहेत: कॉर्क, गॉलवे, ट्रलीकडे ह्यूस्टनहून, बेलफास्ट, स्लायगो, रॉसलेअरकडे कॉनलीहून. चुकलात तर लुआस ट्रामची लाल लाइन दोन्हीकडे जाते. बसला लांबूनच हात दाखवा, नाहीतर ती थांबत नाही. डब्लिनच्या बसमध्ये नोटा घेत नाहीत, म्हणून लीप कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, काढा.

आयरिश भाषेच्या पट्ट्यात, म्हणजे गेल्टाख्तमध्ये, गावांच्या पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात, तेव्हा मुक्कामाच्या गावाचं आयरिश नाव आधीच लिहून ठेवा. आणि स्वच्छतागृहाच्या दारावर ‘एफ’ने सुरू होणारं ‘फिर’ म्हणजे पुरुष, ‘एम’ने सुरू होणारं ‘म्ना’ म्हणजे स्त्रिया. इंग्रजीच्या सवयीने नेमकं उलटं होतं.