सीएसमध्ये पीएचडी सुरू करताय? आधी एक वही घ्या

नुकतीच कॉम्प्युटर सायन्सला पीएचडीची अ‍ॅडमिशन झाली असेल तर हे वाचा, मी आता चौथ्या वर्षात आहे आणि यातलं निम्मं मला पहिल्याच वर्षी कोणी सांगितलं असतं तर खूप त्रास वाचला असता.

कोर्सवर्कचं फार टेन्शन घेऊ नका, परीक्षा द्यायची सवय आपल्याला शाळेपासून आहे. खरं अवघड जातं ते क्वालिफायर, म्हणजे कोर्सवर्कनंतरची पात्रता परीक्षा, झाल्यावर, एका सोमवारी लॅबमध्ये येऊन बसता आणि आज काय करायचं हे सांगणारं कोणीच नसतं, ना टाइमटेबल ना सिलॅबस, आणि संध्याकाळपर्यंत पंधरा पेपर उघडून एकही धड वाचलेला नसतो.

म्हणून वही. कागदाची किंवा साधी टेक्स्ट फाइल, काहीही चालेल, पण रोज निघताना पाच ओळी लिहायच्याच: आज काय चालवलं, काय आलं, कुठे अडलं, मला काय वाटतंय, उद्या आल्याआल्या पहिलं काम कोणतं.

दुसऱ्या वर्षी माझ्या मॉडेलने एका रात्री ७१.४ टक्के अ‍ॅक्युरसी दिली, मी लगेच गाईडना मेल टाकला, आणि तीन आठवड्यांनी पेपरचा टेबल भरायला बसले तर आकडा ६८ च्या वर जाईना. चार दिवस शोधत होते. शेवटी सापडलं की त्या दिवशी मी डेटाचे भाग पाडणारी स्क्रिप्ट बदलली होती आणि ट्रेनिंगमधली, म्हणजे मॉडेलने आधीच बघितलेली वाक्यं टेस्टमध्ये शिरली होती, म्हणजे तो आकडा मुळात खराच नव्हता. तेव्हापासून प्रत्येक रनसमोर गिटचा कमिट (कोडची नेमकी कुठली आवृत्ती), रँडम सीड (ज्या आकड्यावरून प्रोग्रॅमचे रँडम निर्णय ठरतात तो), डेटाची तारीख आणि पूर्ण कमांड लिहिते. दोन मिनिटं लागतात.

गाईडची मीटिंग आठवड्याला एक, वार ठरवून. काहीच झालं नाही म्हणून मीटिंग पुढे ढकलायची इच्छा होते ना, नेमकं तेव्हाच जायचं, कारण एकदा टाळली की पुढच्या वेळी जायला दुप्पट जड जातं. जाताना एक पान न्या, मागच्या वेळी काय ठरलं होतं, काय केलं, कुठे अडलंय, आणि सरांकडून किंवा मॅडमकडून नक्की काय हवंय. परत आल्यावर ठरलेलं चार ओळींत मेल करा, त्यांच्याकडे आणखी पाच-सहा जण असतात, सगळं लक्षात राहत नाही.

पेपर सगळे पूर्ण वाचायचे नसतात. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, आकृत्या, टेबल बघा, कामाचा वाटला तरच पुढे. पण पहिल्या वर्षात एक तरी पेपर स्वतः कोड लिहून पुन्हा करून बघा, शंभर वाचण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

कॉन्फरन्सला पेपर पाठवायच्या डेडलाईनसमोर एओई (एनीव्हेअर ऑन अर्थ) लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पृथ्वीवर कुठेही ती तारीख संपेपर्यंत, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:२९. पण या जादा वेळेच्या भरवशावर राहू नका, शेवटच्या आठवड्यात जीपीयूची, म्हणजे मॉडेल चालवायच्या सामायिक मशीनची, रांग इतकी लांब होते की रन लागतच नाही, प्रयोग आठ दिवस आधी संपवा. मोठ्या कॉन्फरन्समध्ये साधारण चारातला एक पेपर लागतो, त्यामुळे रिजेक्ट येणारच. रिव्ह्यू एकदा वाचा, दोन दिवस बंद ठेवा, मग प्रत्येक मुद्दा वहीत उतरवून समोर उत्तर लिहा.

पैशांचं आधीच बघून ठेवा. जेआरएफचा (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) दर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे आणि दोन वर्षांनी असेसमेंट होऊन ४२,०००, पण पैसे कधी कधी उशिरा येतात, तीन महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या. परदेशी कॉन्फरन्ससाठी एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या कॉम्प्युटर सायन्सच्या संस्थांची ट्रॅव्हल ग्रँट असते, पेपर लागला की लगेच अर्ज करा, आणि पासपोर्ट तर आजच काढा.

आणि घरी "अजून किती राहिलं?" विचारलं की चिडू नका, काम मराठीत समजावून सांगा. जिथे सांगताना अडखळता तिथेच पेपरचं इंट्रोडक्शनही कच्चं असतं, माझं तरी तसंच निघालं. मशीन शब्दांचे तुकडे कसे पाडतं हे मी आईला सांगत होते, तर तिने विचारलं, "मग जोडाक्षराचं काय करतं गं ते?" तो प्रश्न त्या रात्रीच वहीत गेला आणि सध्या मी त्याच्यावरच काम करतेय.