आधी आभाळ, मग गारठा: द्राक्ष-कांदा पट्ट्यासाठी हिवाळी सल्ला

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवडकडे हिवाळ्यात हवा बिघडते ती बहुतेक वेळा एकाच क्रमाने. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा) सरकतो, त्याला समुद्रावरचं बाष्प मिळतं आणि दोन-तीन दिवस आभाळ भरून येतं. रात्रीची थंडी पळते. मग सरी, सोसाट्याचा वारा, कधी गारा. 26 नोव्हेंबर 2023 ची गारपीट आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. आभाळ निवळलं की उत्तरेचा वारा सुटतो आणि खरा गारठा तेव्हा पडतो. म्हणून पाऊस गेला म्हणजे सुटलो, असं समजू नका.

आभाळ आलेलं असताना पाणी आवरतं घ्या. मण्यात पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकू लागलेल्या द्राक्षबागेला ड्रीपही (ठिबकही) भरपूर आणि वरून सरही, असं झालं की मणी तडकलेच. ओंबीवर आलेला गहू ओल्या रानात वाऱ्याने लोळतो, त्यालाही थांबा. काढलेला रांगडा (उशिरा खरिपाचा) कांदा शेतात पडला असेल तर ताडपत्री आजच टाका, कडांना दगड ठेवून.

पाऊस थांबला की घडांत अडकलेलं पाणी काढा. तारा हलवा किंवा औषध न घालता नुसता ब्लोअर (पंख्याचा फवारा) फिरवा. पानं जितका वेळ ओली, तितकी डावणीची (ओलीत वाढणाऱ्या बुरशीच्या रोगाची) भीती जास्त. भुरीसाठी (पांढऱ्या पावडरीसारख्या बुरशीसाठी) गंधकावर भिस्त असेल तर लक्षात ठेवा, कडाक्याच्या थंडीत गंधक नीट काम करत नाही. निर्यातीच्या बागेत औषध निवडताना काढणीला किती दिवस उरलेत तेही मोजा.

गारठ्याची रात्र ओळखायची खूण सोपी: आभाळ स्वच्छ, चांदण्या लखलखीत आणि संध्याकाळनंतर वारा पडलेला. पहाटे विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, तेव्हा ड्रीप सोडा. वीज रात्रीच येते या तक्रारीचा एवढा तरी उपयोग. ओला पालापाचोळा बांधावर धुमसत ठेवला तर धूर बागेवर तरंगतो, पण वारा असेल तर ती शेकोटी फक्त हात शेकायची. घडांना पेपर लावलेले असतील तर पिंक बेरीचा (हिरवे मणी गुलाबी पडण्याचा) त्रास कमी होतो.

मोबाइलवर दिसणारं निफाडचं तापमान बहुधा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं असतं. ओढ्याकाठच्या खोलगट बागेत गार हवा साचते, तिथे पारा आणखी खाली जातो. शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर घडांच्या उंचीवर टांगा आणि पहाटे पाचला बॅटरी घेऊन एकदा बघून या.

हरभऱ्यात ढगाळ हवेनंतर घाटेअळी बघा, पक्षीथांबे (अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला काठ्या) लावा. गोठ्याला वाऱ्याच्या बाजूने गोणपाट बांधा.

आणि कडकडाट ऐकू आला की बागेतून बाहेर पडा. मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल वीज लांबवर वाहून नेतात, त्यांना हात लावू नका. एकट्या झाडाखालीही थांबू नका. मोबाइलवर 'दामिनी' ॲप असेल तर आसपास पडणाऱ्या विजेचा इशारा मिळतो. मजुरांना बागेत पाठवण्याआधी ते उघडून बघा.